इराणला जमले, ते आम्हाला का नाही?

खेळांवर मी इथे क्वचितच लिहितो. नाटक, भजन, शिगमो, जत्रा आणि आमचा कधीही न संपणारा भाषावाद हे आपले नेहमीचे विषय. पण खेळ हीसुद्धा समाजाच्या संस्कृतीचीच एक बाजू असते. एखादा देश खेळ कसा खेळतो यापेक्षा तो खेळाची संस्था कशी चालवतो हे पाहिले, तर त्या देशाच्या स्वभावाबद्दल बरेच काही कळून येते. म्हणून आज थोडे व्हॉलीबॉलबद्दल. आणि त्यातही जरा दूरच्या, म्हणजे इराणच्या व्हॉलीबॉलबद्दल. इराणच का, ते पुढे कळेलच.

आधी एक जुना हिशेब सांगतो. १९५८ साली टोकियोला आशियाई खेळ झाले. सहा जणांच्या पुरुष व्हॉलीबॉलमध्ये जपान पहिला, इराण दुसरा आणि भारत तिसरा आला. चार वर्षांनी, १९६२ ला जाकार्तात, जपान पुन्हा पहिला, पण दुसरा क्रमांक भारताचा आणि तिसरा पाकिस्तानचा. इराण पदकांत नव्हता. त्याच्याही आधी १९५२ मध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत भारत आठवा आला होता. आपला व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला १९५१ साली, म्हणजे महासंघ अगदी नवा होता तेव्हाची ही गोष्ट. थोडक्यात, साठीच्या दशकाच्या आरंभी भारत आणि इराण हे एकाच बाकावर बसलेले दोन विद्यार्थी होते. उलट आमचाच पाय किंचित पुढे होता म्हणा ना.

आता आजचा हिशेब. इराणने २०११, २०१३, २०१९ आणि २०२१ अशी चार वेळा आशियाई अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. आशियाई खेळांत २०१४, २०१८ आणि २०२३ च्या हांगझोऊ अशी लागोपाठ तीन सुवर्णपदके घेतली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच पात्र ठरून थेट उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या पहिल्याच सामन्यात विश्वविजेत्या पोलंडला पाच सेटमध्ये हरवले. आणि आमचे? पुरुष संघाचे आशियाई खेळांतले शेवटचे पदक १९८६ चे, सोलचे. ब्राँझ. त्यानंतर काही नाही. हांगझोऊला आपण सहावे आलो, आणि त्यावरही बऱ्यापैकी आनंद मानावा अशी आमची स्थिती होती.

एकाच बाकावरचे दोन विद्यार्थी. एक कुलगुरू झाला आणि दुसरा अजून त्याच वर्गात. असे का झाले?

पहिले उत्तर लोक देतात ते पैशाचे. इराणकडे तेल आहे हो, आपल्याकडे काय आहे! हे उत्तर ऐकायला सोपे, पण टिकत नाही. तेल सौदी अरेबियाकडे आहे, कुवेतकडे आहे, अमिरातीकडे आहे. यांतल्या कोणाचा व्हॉलीबॉल संघ ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला? शिवाय इराणने ज्या काळात हा खेळ उभा केला, तो काळ त्या देशाला सुखाचा नव्हता. १९७९ ला क्रांती झाली, १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे इराकशी युद्ध चालले, आणि नंतर आंतरराष्ट्रीय निर्बंध लागले ते लागलेच. घरात अन्नाची चणचण असताना पोराला संगीत शिकवणारी माणसे असतात ना, तसला हा प्रकार.

दुसरे उत्तर उंचीचे. आमची मुले बुटकी, नेटवर हात पोचत नाहीत. याला उत्तर जपानने दिलेले आहे. जपानी खेळाडू युरोपियनांपुढे आजही बुटकेच दिसतात, पण २०२४ च्या नेशन्स लीगमध्ये तो संघ दुसरा आला. आणि आमच्या पंजाब, हरियाणा, केरळात उंच मुले नाहीत असे कोण म्हणेल? पेरावूरचा जिमी जॉर्ज आठवा. १९७६ मध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी अर्जुन पुरस्कार, आधी अबुधाबीच्या क्लबात आणि मग इटलीत व्यावसायिक खेळाडू. सोलच्या त्या ब्राँझ संघात तो होता. त्या वेळी पदकासाठी आपण हरवले ते जपानला! पुढच्याच वर्षी, १९८७ च्या नोव्हेंबरात, इटलीत मोटार अपघातात तो गेला. त्या काळी जगातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये मानाने खेळणारा भारतीय होता तो. बीज चांगले नव्हते असे म्हणायला जागाच नाही.

मग उरते काय? उरते संस्था. खेळाचा महासंघ. आणि इथेच इराणची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

युद्ध संपल्यावर १९८९ मध्ये मोहम्मद रझा यझदानी खुर्रम हे इराणच्या व्हॉलीबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले आणि २००६ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, राहिले. सतरा वर्षे एकाच खुर्चीवर हे ऐकून आपल्याला धडकीच भरते, कारण आमच्याकडच्या खेळसंघटनांत खुर्चीला चिकटलेली माणसे आपण पुष्कळ पाहिली आहेत. पण फरक असा की त्या सतरा वर्षांत तिथे एका दिशेने काम झाले. त्या कामाचे मला तीन भाग दिसतात.

पहिला भाग पोरांचा. मोठा संघ हरत असला तरी हरकत नाही, आधी सोळा-सतरा वर्षांची मुले तयार करायची असा तो हिशेब होता. त्याचे फळ यायला वेळ लागला. २००७ मध्ये मेक्सिकोत झालेली १९ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा इराणने जिंकली. त्यानंतर चार वर्षांनी मोठा संघ पहिल्यांदा आशियाई विजेता झाला. हा योगायोग नव्हे. आणि विहीर एकदा खोदून थांबले नाहीत. २०१७ मध्ये पुन्हा १९ वर्षांखालील विश्वविजेतेपद, आणि २१ वर्षांखालील गटात २०१९, २०२३ आणि २०२५ अशी तीन विश्वविजेतेपदे. ब्राझील, इटली, रशिया यांच्या पोरांना हरवून!

दुसरा भाग गुरूंचा. इराणसारखा मानी देश, बाहेरच्या जगाशी उभा दावा असलेला. पण व्हॉलीबॉलपुरता त्याने कुणाकडूनही शिकायला कमीपणा मानला नाही. सोव्हिएत काळात ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला इव्हान बुगायेन्कोव्ह तिथे प्रशिक्षक होता. मग कोरियाचा पार्क की-वॉन आला. सिडनी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाला सुवर्ण मिळवून देणारा झोरान गायिच आला. आणि २०११ मध्ये आला खुलिओ व्हेलास्को. जन्माने अर्जेंटिनाचा, १९९० आणि १९९४ मध्ये इटलीला विश्वविजेते करणारा. व्हॉलीबॉलच्या जगात या माणसाचे नाव म्हणजे आमच्या संगीतात एखाद्या घराण्याच्या खाँसाहेबांचे. (हाच व्हेलास्को पुढे २०२४ मध्ये पॅरिसला इटलीच्या महिलांना ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देऊन आला.) तो गेल्यावर सर्बियाचा स्लोबोदान कोवाच आला, मग आणखी कोणी. माणसे बदलली, पण प्रत्येक नव्या गुरूने आधीच्याचे काम पुसून टाकले नाही. शिष्य तयार होतेच, गुरूने फक्त पुढचा राग शिकवायचा होता.

यातली एक बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. व्हॉलीबॉलमध्ये जाहिरातीवर दिसतो तो स्मॅश मारणारा, पण संघ चालवतो तो सेटर, ज्याला आमच्या गावच्या मैदानांवर पूर्वी लिफ्टर म्हणायचे. इराणची ती सोन्याची पिढी चालली ती सईद मारूफ नावाच्या सेटरवर. पुढे तो कर्णधारही झाला. चांगला सेटर एका शिबिरात होत नाही, त्याला दहा वर्षे लागतात. म्हणून ज्या देशाचा सेटर चांगला, त्या देशाच्या महासंघाला दहा वर्षांपुढचे दिसते असे खुशाल समजावे.

तिसरा भाग क्लबांचा. इराणच्या लीगमधले संघ हे कारखान्यांचे, बँकांचे, नगरपालिकांचे. मोटारी करणाऱ्या कंपनीच्या आधाराने उभा राहिलेला तेहरानचा पैकान हा संघ कितीतरी वेळा आशियाई क्लब विजेता झाला. दुधाचे पदार्थ करणाऱ्या कंपनीचा संघ आहे, पोलाद कारखान्याचा आहे, उर्मियासारख्या शहरात तर नगरपालिकेचाच संघ. उर्मिया म्हणजे त्यांचे व्हॉलीबॉलचे पेडे! म्हणजे खेळाडूला वर्षभर सामने, वर्षभर पगार, आणि गावाला आपला म्हणावा असा संघ.

हे वाचताना गोव्याच्या माणसाला काही ओळखीचे वाटले का? वाटायलाच हवे. धेंपो, साळगावकर या खाण आणि उद्योगवाल्या घराण्यांनी आमच्या फुटबॉलसाठी नेमके हेच केले होते. धेंपोने तर पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. आणि मग काय झाले तेही आठवा. २०१६ मध्ये राष्ट्रीय महासंघाने लीगची रचना बदलायचे ठरवले, आणि साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. क्लब उभा करायला पन्नास वर्षे लागतात, तो बाहेर पडायला एक बैठक पुरते. महासंघ म्हणजे काय चीज असते हे गोमंतकीयांना वेगळे समजावून सांगायला नको.

आता आपल्या व्हॉलीबॉल महासंघाकडे वळू. मघाशी मी इराणच्या पोरांचे कौतुक केले. पण आमच्या पोरांनी काय कमी केले होते? २००३ मध्ये थायलंडला झालेल्या १९ वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत भारताने रौप्यपदक मिळवले. जागतिक रौप्य! आणि २००९ मध्ये ज्युनियर मुलांची जागतिक स्पर्धा झाली ती आपल्याच पुण्यात, बालेवाडीला. तिथे भारत चौथा आला. २००३ ते २००९ या काळात जगातल्या कोणत्याही जाणकाराने दोन्ही देशांची पोरे पाहिली असती, तर त्याने दोघांनाही सारखेच भवितव्य सांगितले असते. इराणची पोरे २०१४ मध्ये आशियाई सुवर्ण घेऊन गेली आणि जागतिक स्पर्धेत सहावी आली. आमची पोरे नोकरीला लागली. रेल्वेत, पोलिसात, सेनादलात, तेल कंपनीत. नोकरी लागली हे चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की नोकरी हेच त्यांच्या खेळाचे शेवटचे स्टेशन ठरले. पुढची गाडीच नव्हती.

ती गाडी चालवायची कोणी? महासंघाने. आणि महासंघ काय करत होता? भांडत होता. २०१६ च्या डिसेंबरात जागतिक महासंघाने भारतीय महासंघाला निलंबित केले, कारण आत गटबाजी माजली होती. २०१९ च्या फेब्रुवारीत मोठ्या थाटात प्रो व्हॉलीबॉल लीग सुरू झाली. कोची आणि चेन्नईत सामने झाले, लोकांनी ते टीव्हीवर आवडीने पाहिले. एका मोसमात महासंघाचे आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचे फाटले, प्रकरण कोर्टात गेले, लीग बंद. मग २०२२ मध्ये त्याच मंडळींनी प्राइम व्हॉलीबॉल लीग या नावाने महासंघाच्या छत्राबाहेर नवा मांडव घातला. आज ती लीग बऱ्यापैकी चालते आहे. म्हणजे गंमत पाहा, भारतात व्हॉलीबॉलची जी काही वाढ गेल्या काही वर्षांत दिसली, ती महासंघामुळे नव्हे, तर महासंघ असूनही झाली.

आमच्या गावच्या नाटक मंडळाचे आणि देवस्थान समितीचे राजकारण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. उत्सव तोंडावर आलेला, नाटकाच्या तालमी व्हायच्या आहेत, आणि समितीत वाद चालला आहे की पत्रिकेवर कोणाचे नाव वर. मग दोन समित्या होतात, दोन पावतीपुस्तके छापली जातात, आणि उत्सवाच्या रात्री एकच नाटक कसेबसे होते, तेही बाहेरगावच्या मंडळाला सुपारी देऊन. नट असतात, प्रेक्षक असतात, देवही जागेवर असतो. नसते ती फक्त एकत्र बसायची बुद्धी. भारतीय व्हॉलीबॉलचे दुखणे याहून फार निराळे नाही. फक्त गावचे नाटक बुडाले तर एक रात्र जाते, इथे एक एक पिढी गेली.

हांगझोऊला २०२३ मध्ये याच परिस्थितीत गेलेल्या आपल्या संघाने दक्षिण कोरियाला पाच सेटमध्ये हरवले. कोरिया, ज्याने आधीच्या आशियाई खेळांत रौप्य घेतले होते! पाठीशी धड महासंघ नसताना मुले हे करू शकतात. पाठीशी असता तर?

इथे कोणी मला विचारील, आणि विचारावेच, की हुकूमशाही राजवटीच्या देशाचे गोडवे तुम्ही काय गाता? तिथे वरून आज्ञा सुटते आणि खाली कामे होतात. आपल्या लोकशाहीत भांडणे होणारच.

या आक्षेपात अर्धे सत्य आहे, आणि त्याबद्दल स्पष्ट बोललेच पाहिजे. इराणच्या व्हॉलीबॉलची जी चकाकती बाजू मी सांगितली, तिला एक काळी बाजू आहे. २०१२ पासून तिथे पुरुषांचे व्हॉलीबॉल सामने पाहायला बायकांना मैदानात बंदी झाली. २०१४ च्या जूनमध्ये तेहरानच्या आझादी क्रीडागृहात इराण विरुद्ध इटली सामना होता. घोंचे घवामी नावाची ब्रिटिश-इराणी तरुणी इतर बायकांबरोबर बाहेर उभी राहिली, आम्हालाही आत सोडा म्हणाली. तिला अटक झाली, ती कित्येक महिने तुरुंगात राहिली, तिने उपोषण केले, तिला एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली आणि नोव्हेंबरात ती जामिनावर सुटली. क्रीडागृहाचे नाव आझादी, म्हणजे स्वातंत्र्य! त्या वर्षी इराणचा संघ जागतिक लीगमध्ये चौथा आला, आशियाई सुवर्णही घेऊन गेला. पण ज्या देशातली अर्धी माणसे आपल्याच संघाला टाळ्या वाजवायला आत जाऊ शकत नव्हती, त्याची प्रगती लंगडीच म्हणायची. हे मला विसरायचे नाही आणि वाचकांनीही विसरू नये. याच देशाच्या महिला संघाने १९६६ मध्ये आशियाई खेळांत ब्राँझ मिळवले होते हे कळल्यावर तर जास्तच वाईट वाटते.

पण आक्षेपाचे उरलेले अर्धे मला मान्य नाही. पोरांकडे लक्ष देणे, चांगला गुरू आणणे, क्लबांना जगू देणे यासाठी हुकूमशाही कशाला लागते? यातली एकही गोष्ट चाबकाने होत नाही. जपान लोकशाहीच आहे. इटली लोकशाही आहे, आणि भांडणात इटालियन लोक आमच्या तोडीचे आहेत म्हणतात. त्यांचे महासंघ काम करतात. भांडण हे लोकशाहीचे लक्षण असेल, पण काम न करणे हे लोकशाहीचे लक्षण कधीपासून झाले? उलट मी असे म्हणेन की इराणने जे कमावले ते त्याच्या राजवटीमुळे नव्हे, आणि जे गमावले ते मात्र तिच्यामुळे.

आणि इराणचे सगळे कायम चढतेच राहिले असेही नाही. मारूफची पिढी थकली तशी उतरण लागली. २०२३ ची आशियाई स्पर्धा त्यांच्याच उर्मियात झाली, आणि घरच्या लोकांसमोर अंतिम सामन्यात ते जपानकडून हरले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला तर पात्रही ठरले नाहीत. पोरांचा संघ जग जिंकतो आहे आणि मोठा संघ अडखळतो आहे. पण तिथे पुढची पिढी दारात उभी आहे. पडलेल्या माणसाजवळ काठी असणे आणि नसणे यात हा फरक.

आता आपल्या दाराशी येऊ. २०२५ च्या मोसमात प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये एक नवा संघ उतरला, गोवा गार्डियन्स. नाव गोव्याचे, सामने सगळे हैदराबादला. संघ आला याचा आनंद आहे. पण नाव गोव्याचे लावले म्हणून खेळ गोव्यात रुजला असे होत नाही. फुटबॉलच्या बाबतीत आम्ही याचा धडा शिकलो आहोत. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत भातकापणी झालेल्या शेतात नेट बांधून, चार दिवे लावून रात्री उशिरापर्यंत व्हॉलीबॉल खेळणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पावसाळा आला की शेत पुन्हा शेत होते आणि खेळ बंद. त्यांतल्या किती मुलांना चौदाव्या वर्षी कोणी खरा प्रशिक्षक भेटला? किती जणांची नावे कुठल्या वहीत लिहिली गेली? आणि मुलींचे काय? त्या तर शाळेच्या स्पर्धा संपल्या की मैदानावरून नाहीशाच होतात. इराणच्या बायकांना पोलिसांनी बाहेर ठेवले. आमच्याकडे पोलीस लागत नाहीत, आम्हीच ते काम घरच्या घरी उरकतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महासंघांवर देखरेखीसाठी मंडळ, वाद मिटवण्यासाठी न्यायाधिकरण, कार्यकारिणीत खेळाडू आणि महिलांना जागा अशा तरतुदी त्यात आहेत. कागदावर चांगले आहे. पण कायदा भांडणे थांबवू शकतो, काम सुरू करू शकत नाही. कोर्टाने सांगितले म्हणून देवस्थानची एकच समिती झाली, तरी नाटक बसवायला तालीम ही लागतेच.

म्हणून इथून पुढे कोणी व्हॉलीबॉल संघटनेचा पदाधिकारी, राज्याचा असो वा देशाचा, आपल्या गावात बक्षीस समारंभाला आला, तर त्याच्या गळ्यात हार जरूर घाला. पण हार घालून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. चौदा वर्षांखालची किती मुले आणि किती मुली तुमच्या वहीत आहेत? त्यांना शिकवणारा माणूस कोण, आणि तो चार वर्षे राहणार आहे का? आणि त्या पोरांना वर्षात किती सामने खेळायला मिळतात? इराणच्या महासंघाकडे १९८९ पासून या तीन प्रश्नांची उत्तरे होती. ज्या पदाधिकाऱ्याकडे ती नाहीत, त्याच्याशी भांडू नका, नवी समितीही काढू नका. फक्त पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बोलवा, आणि तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा.